गाठीची वाटणी

मंगळवार, १२ डिसेंबर १९८९. बुलढाण्याच्या लॅबमध्ये मी सकाळपासून, काढलेल्या गाठींचे तुकडे ज्यांत बसवतात त्या मेणाच्या वड्या पुसून ठेवत होते. त्यातली एक मोताळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मानेतल्या गाठीची. ती न्यायला त्याचा धाकटा भाऊ आला. चपला दाराबाहेर काढून, दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला.

“मुंबईत हिचं काय पाह्यतेत, बाई?”

“मज्जातंतूंच्या पेशी ज्या प्रथिनाने एकमेकींना धरून राहतात, ते या गाठीत आहे का, ते. फक्त त्यालाच चिकटणारी अँटीबॉडी वर सोडतात. प्रथिन असलं तर तपकिरी रंग येतो. मग औषध ठरतं.”

“धरून राह्यतेत?” तो हसला. “आमी तिघं भाऊ तं एका बांधावर उभे राहत नाही. मोठा म्हणते नागपूरले न्या, मी म्हणतो मुंबईले. आर्धी-आर्धी कापून द्या ना.”

“आणि ज्याची गाठ आहे तो काय म्हणतो?”

“त्याले काऊन इचाराचं? तो तं बिमार हाय.”

मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडीचे पातळ काप काचांवर घेतले. काही मुंबईला, काही नागपूरला टपालाने पाठवले. वडी मात्र अर्धी न करता, ज्याची गाठ तोच मागेल तोवर, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.