राणी, हिला सांग

वैशाली गेल्याचं तिच्या नवऱ्याने, महेशने फोनवर सांगितलं तेव्हा मी अंबरनाथला शाळेत होते, पाचवीचा चित्रकलेचा तास चालू होता. आजारपण माहीत होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मुलांना "तुमचं चालू द्या" म्हणून मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले आणि मनात भलतंच आलं... आता अम्मांशी कोण बोलणार?

अम्मा म्हणजे तिच्या सासूबाई. वैशाली विठ्ठलवाडीच्या चाळीतली, माझी बालमैत्रीण. लग्न होऊन गेली उल्हासनगरच्या सिंधी घरात, म्हणजे रिक्षाने जाण्याइतकी लांब. महेशचं पडद्याच्या कापडाचं दुकान, हिची पतपेढीत नोकरी. "आमचं घर बौद्ध आहे," हे तिने सासरच्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्यावर कोणी वावगा शब्द काढला नाही. अम्मांनी मात्र लग्नानंतर तिच्याशी थेट बोलायचंच नाही असं ठरवलं असावं. घरात राणी नावाची करडी मांजर होती, अम्मा तिच्याशी बोलत. "राणी, इसको बोल, चाय में चीनी कम है." मग वैशाली स्वयंपाकघरातून, "राणी, अम्मांना सांग, डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलीय." राणी मधल्या उंबऱ्यावर अंग चाटत बसलेली. वैशाली मला हे हसत हसत सांगायची. त्या हसण्याखाली दुखत नसेल असं नाही, पण तिचा स्वभावच असा की रागाच्या आधी तिला कुतूहल यायचं. "गंमत बघ ना," म्हणायची, "बोलायचं नाही असं ठरवलं, तरी माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही. मग तो मांजर शोधतो."

मुलगी जिया चारेक वर्षांची असेल. एकदा तिने आईला विचारलं, "मम्मा, राणी मराठी कुठे शिकली?" निरोप मांजरच पोचवते, अशी तिची समजूत होती. हिंदीत ऐकायचं, मराठीत सांगायचं, हे राणीचं काम. वैशालीच्या डोक्यात पुस्तकाचं बी पडलं ते या प्रश्नाने.

त्याच सुमारास राणी हरवली आणि घर एकदम गप्प झालं. चहात साखर कमी की जास्त, कळायला मार्ग नाही. जिया दारात बसून रडायला लागली, तेव्हा सासूसुना दोघी शोधायला निघाल्या, वेगवेगळ्या गल्ल्यांनी. बाजारामागच्या एका बंद गोदामाच्या शटरपाशी त्या समोरासमोर आल्या. आतून म्यांव म्यांव ऐकू येत होतं. अम्मा म्हणाल्या, "तू चाबीवाले को बुला, मैं इधर खड़ी हूँ." मध्ये मांजर नसताना सुनेला उद्देशून बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

वैशालीने ही गोष्ट लहान मुलांसाठी लिहिली आणि चित्रं काढून घ्यायला माझ्या घरी बेलवलीला आली. गोष्ट त्या शटरपाशी संपत होती. मी विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी परत 'राणी, इसको बोल'."

"मग ते का नाही लिहिलंस?"

"ते एक वाक्य तर खरं होतं ना गं... पुढचं मुलांना ठरवू दे."

पुस्तक छापून आलं तेव्हा आम्ही दोघी धास्तावलो होतो. अम्मांना मराठी वाचता येत नाही, पण चित्रं तर दिसतात. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं, शटरच्या पानावर बराच वेळ थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मैं इतनी मोटी हूँ क्या?" पुढे राणी म्हातारी होऊन गेली, दुसरी मांजर कोणी आणली नाही. सासूसुना कामापुरतं बोलू लागल्या. आजारपणात तर औषधांच्या वेळा अम्माच सांभाळायच्या.

परवा भेटायला गेले. जिया कॉलेजला, महेश दुकानात. अम्मांनी मला पाणी दिलं आणि आपणहून म्हणाल्या, "एक बात तुम्हारी किताब में नहीं है."

सुट्टीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात एकटी असली की वैशाली राणीशी सिंधीत बोलायची. "मानी खाधी?" म्हणजे जेवलीस का. महेशच्या दुकानात येणाऱ्या सिंधी बायकांकडून शब्द उचलायची आणि मांजरीवर घोकायची. मला हे कधीच बोलली नव्हती. अम्मांना समजावं म्हणून शिकत होती, की आपल्याला त्या समजाव्यात म्हणून... आता कोणाला विचारणार?

"बहुत गलत बोलती थी," अम्मा म्हणाल्या.

"मग तुम्ही सुधारलं का नाही?"

"टोकती तो चुप हो जाती. फिर मैं क्या सुनती?"

एवढं बोलून त्या उठल्या. लसणाची परडी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून त्यांनी बैठक मारली. भिंतीचा रंग तिथे पाठीएवढा उडालेला होता. आत कोणी नव्हतं. तरी त्या, आवाज न करता, हळूहळू लसूण सोलत राहिल्या.