आईच्या ओठांवरचे दोन घास

ओटिली नवव्या वर्षी तापात बहिरी झाली, पण बर्लिनच्या चित्रपटगृहांत तिच्याइतकी मजा कुणी लुटली नसेल. बोलपट अजून यायचे होते. पियानो ऐकू येत नाही तर नाही, पडद्यावरचे नट खरोखर काय बोलतायत ते तिला ओठांवरून कळायचं. नायक प्रेमाने व्याकूळ, आणि ओठांवर काय, तर 'जरा सरक, उजेड अडतोय'! शनिवारी बहिऱ्यांच्या मंडळातली वीसेक माणसं पुढच्या रांगेत बसून ऐन रडण्याच्या जागी खो खो हसायची. लोक त्यांना निर्लज्ज म्हणायचे. म्हणोत बापडे.

पोटासाठी ती स्टुडिओत फिल्मचे तुकडे जोडायची. एकदा पहिल्या महायुद्धातल्या एका हेराचा चित्रपट हाती आला. शेवटी हेराला गोळ्या घालणार, त्याआधी त्याची आई भेटायला येते. दिग्दर्शक रूडोर्फसाहेबांनी निवडलेल्या तुकड्यात आईचे अश्रू सुरेख होते, पण ओठ म्हणत होते, "मेले हे बूट चावतायत." या वेळी ओटिलीला हसू आलं नाही. शनिवारी तिची मैत्रीण लीना येणार होती. जन्माची बहिरी. तिचा एकुलता एक मुलगा युद्धावर गेला तेव्हा ती कामावर होती. तो परतला नाही, भेट राहिली ती राहिलीच.

नाकारलेल्या तुकड्यात तीच नटी पोराच्या हातात पाव देत म्हणत होती, "दोन घास खा रे राजा." ओटिलीने कुणालाही न विचारता तो जोडला. नोकरी जाईल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी पाहिलं आणि ते भडकलेच. तिने बुटांची हकिकत सांगितली.

"मूकपट आहे, बाई. हे ऐकणार कोण?"

"आम्ही," ओटिली म्हणाली.

साहेबांनी तो तुकडा पुन्हा एकदा चालवून पाहिला. मग म्हणाले, राहू दे. पण पुन्हा असा आगाऊपणा केलास तर घरी बसवीन.

शनिवारी पुढच्या रांगेत कुणी हसलं नाही. आई बोलली, पडद्यावर तिच्या नावाने देशभक्तीच्या वाक्याची पाटी आली, आणि लगेच बंदुका. लीनाने ओटिलीचा दंड घट्ट धरला आणि खुणेने विचारलं, "खाल्लं का त्याने?"

त्या नटाने पाव बाजूला ठेवून सिगारेट मागितली होती. तेवढा भाग ओटिलीनेच कापला होता.

"खाल्लं," तिने खूण केली. "सगळं खाल्लं."