मुराळ्याची वाट

परवा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या तोंडावर इंझोरीला, माझ्या माहेरी, टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा हिंदी बोलत होता. एक माणूस विमानतळावर अडकतो. त्याचा देशच उरलेला नाही, म्हणून इकडचे आत घेत नाहीत आणि तिकडे परत जाता येत नाही. माझा दादा आणि माझा नवरा मांडीवर थापा मारून हसत होते.

माझं अंग जळत होतं.

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी होती, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, पण एकटी येत नाही. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. दादानं निरोप धाडला, शिरपूरपर्यंत पोचवा, तिथून मी नेतो. नवऱ्यानं केनवडहून मला शिरपूरच्या स्टँडवर आणून बाकावर बसवलं आणि मिळेल त्या बसनं परत गेला. दादाचा पत्ता नाही. एवढं आणलं तर जावयानं दारापर्यंतही आणावं, हा त्याचा ताठा. सासऱ्याच्या दारी बिनबोलावता जाणार नाही, हा नवऱ्याचा. मोबाइल कुणाकडेच नव्हता. इंझोरीची बस समोर लागायची, केनवडचीही लागायची. एकटी माहेरी गेले तर नवऱ्यानं टाकली म्हणतील, सासरी परतले तर माहेरानं नेली नाही म्हणतील. शिरपूरच्या देवळाला आलेले यात्रेकरू दर्शन घेऊन परतले, मी आपली पिशवी मांडीवर घेऊन तिथंच. दिवेलागणीला दादा उगवला आणि म्हणाला, "काहून वं, तू आजून इथंच?"

ह्यावर दोघं आजवर हसत आले. प्रत्येक लग्नात तो किस्सा निघतो, आणि चहा मीच देते.

तर सिनेमा संपता संपता दादा त्याच्या नव्या सुनेला म्हणाला, "सकाळी तुले शिरपूरच्या स्टँडवर सोडून देतो. तुहा भाऊ येईन तिथं." तिचीही पहिलीच आखाजी. पोरगी 'हो' म्हणाली, पण तोंड एवढंसं झालं.

मी टीव्ही बंद केला.

"स्टँडवर नाही, दादा. तिच्या बापाच्या दारात नेऊन घाल. मीबी संगं येतो."

"बिनबोलावता व्याह्याच्या दारी? माही इज्जत काय राह्यली मंग?"

"नको जाऊ. उद्या पंगतीत तो किस्सा मी सांगतो. तू सांगतं तसा नाही, झाला तसा."

"जाऊ दे ना आता," नवरा पुटपुटला.

"तुमीबी गाडीत बसा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी दार उघडलं. "काहून, आमचा पोरगा येनार होता ना न्यायले? निरोप नाही, काही नाही, तुमीच आले?" दादाला चप्पल काढावी का नाही ते कळेना. नवरा त्याच्या मागे खाली बघत उभा. मी एक शब्द बोलले असते तर दोघंही सुटले असते. मी बोलले नाही.

सुनेनं माझा हात धरला. "आत्या, माह्यासाठी लय केलं तुमी."

मी मान हलवली. तिच्यासाठी नव्हतंच ते. मला त्या दोघांना परक्या दारात ताटकळताना बघायचं होतं, आणि मी पोटभर बघितलं.