बिबट्याला नखं लावली त्याची गोष्ट

पडद्यावर चिखलात बिबट्याचा पंजा उमटला. परातीएवढा. पुढे चार नखांचे चार खोल खड्डे. संगीत टिपेला पोचलं, आणि मागच्या खुर्चीवरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आरं, कुत्रं हाय ते!"

सगळं मंगल कार्यालय हसलं. काष्टीचा बाजाराचा दिवस होता, भर दुपार. 'पाचट २' हा आमचा सिनेमा थेटरात लागण्याआधी गावातल्या लोकांना फुकट दाखवायचा, त्यांचे चेहरे बघायचे आणि उरलेल्या दिवसांत काय ती डागडुजी करायची, असा बेत होता. याला ट्रायल शो म्हणतात. पुढचा सव्वा तास बिबट्या दिसला की लोक भुंकत होते. नायिकेच्या आईला बिबट्याने ओढत नेलं तेव्हा तर एका म्हाताऱ्याने "हाड, हाड" केलं.

तो बिबट्या मी बनवला होता.

माझी नगरला ड्रेपरी आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकं, शाळांची गॅदरिंग, मिरवणुका यांना भाड्याने पोशाख पुरवायचं दुकान. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली तीस वर्षं मी चालवते. शिवाजी महाराजांपासून गाजरापर्यंत सगळं मिळतं. मला सगळे भाभी म्हणतात. माझ्या दुकानातला पोशाख घालून कोणाचं हसं झालं, असं तोवर कधी झालं नव्हतं. विदूषक सोडून.

'पाचट'चा पहिला भाग तीन वर्षांपूर्वीचा. दिग्दर्शक ओंकार, पुण्यात सिनेमाचा कोर्स करून आलेला. निर्माते आप्पा, काष्टीचे बागायतदार. ते मंगल कार्यालयही त्यांचंच. बजेट इतकं कमी की रक्त म्हणून गुळाच्या पाकात रंग कालवला होता. त्याला मुंगळे लागले आणि मेलेला माणूस शॉट चालू असताना उठून पळाला. उसाची वाळलेली पानं म्हणजे पाचट. पाचट वाजतं, पण आत कोण आहे ते दिसत नाही, एवढ्यावर ओंकारने पूर्ण सिनेमा रचला होता. रात्रीचे सीनसुद्धा दिवसा काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर निळे करायचे. याला 'डे फॉर नाइट' म्हणतात. आम्हाला दुसरा इलाजच नव्हता. उसात खरे बिबटे आहेत, त्यामुळे बिबट्याच्या सिनेमाचं शूटिंग पाच वाजता बंद व्हायचं.

बिबट्याच्या आत कोण शिरणार, हा प्रश्न होता. मला किसनभाऊ आठवले. भंडारदऱ्याच्या बाजूला बोहाडा होतो. मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. तिकडे एका कार्यक्रमाला मी पोशाख घेऊन गेले होते, तेव्हा किसनभाऊंना वाघाच्या सोंगात पाहिलं होतं. पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. धरणाजवळ त्यांची चहाची टपरी आहे.

ते नगरला आले, मी शिवलेलं कातडं उलटंपालटं करून पाहिलं आणि पंजे हातात घेतले. मी पंज्यांना छान वाकडी नखं लावली होती.

"ही काढा, भाभी."

"का? नखांशिवाय बिबट्या कसा?"

"चालताना वाघ नखं आत घेतो. नख उमटलं की ते कुत्रं. न्हाईतर तरस. शिवाय मागला पाय तो पुढल्याच्याच ठशावर टाकतो. तवा आवाज येत न्हाई." आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

मी नखं काढली. चपलांच्या सोलचं रबर आणून चार बोटं आणि मागची गादी त्यांनी सांगितली तशी कापली. मग किसनभाऊंनी मुखवट्याला नमस्कार केला, आत शिरले आणि माझ्या दुकानाच्या बोळातून हातापायांवर चालत गेले. हाताने सोडलेल्या जागीच पाय. बोळातली मांजर पत्र्यावर चढली आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलले.

त्यांची एक अट होती. सोंग अंगावर असताना ते बोलत नाहीत आणि त्यांच्याशीही कोणी बोलायचं नाही. ओंकारने "कट" म्हटलं तरी ते थांबायचे नाहीत. उसात दिसेनासे व्हायचे आणि मनात येईल तेव्हा परत यायचे. ओंकार पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवसापासून त्याने कॅमेरा बंद करणंच सोडलं. सिनेमात बिबट्या जेमतेम चार मिनिटं दिसतो. पण ती चार मिनिटं मोबाईलमधून गावोगाव फिरली, आणि ऊसतोडीच्या टोळ्या पाचट वाजलं की सिनेमाचं नाव घेऊ लागल्या.

मग आप्पांनी दुसरा भाग काढला.

हिंस्र जनावरांच्या सिनेमांचे दुसरे भाग मी त्यानंतर पुष्कळ पाहिले. मगर, साप, डुक्कर, उंदीर. सगळीकडे एकच खोड. पहिल्या भागात जनावर एक, दुसऱ्यात चार. पहिल्यात शेपटी दिसते, दुसऱ्यात ते पाठीवरच्या खवल्यांसकट उन्हात येऊन उभं राहतं. निर्मात्याला वाटतं, लोक जनावर बघायला आले होते. तेव्हा मला हे काही कळत नव्हतं. आप्पा दुकानात येऊन बसले होते.

"भाभी, औंदा जनावर बैलाएवढं पायजे. डोळ्यात लाल लायटी. आन् नखं आशी, की बघनाऱ्याच्या पोटात गोळा आला पायजे."

"आप्पा, बिबट्याची नखं दिसत नाहीत."

"आपल्या बिबट्याची दिसत्यात. पैलवानी बिबट्या हाय आपला."

"आणि किसनभाऊ? एवढं मोठं कातडं त्यांना पेलणार नाही."

"त्यांला ऱ्हाऊ द्या औंदा. जिमवाला घेतलाय एक. उड्या मारतो."

आता खरं सांगते. मी आणखी एकदासुद्धा "नको" म्हणाले नाही. पोस्टरवर माझं नाव येणार होतं, 'बिबट्या निर्मिती' असं, आणि ते मला हवं होतं. नखं मी स्टीलच्या चमच्यांच्या दांड्यांपासून घडवली. काम म्हणून अगदी सुबक. किसनभाऊंना साधा फोनही केला नाही.

तर त्या दुपारी कार्यालयात दिवे लागले. "कुत्रं हाय" म्हणणारे तात्या होते, शेजारच्या वस्तीवरचे ऊसवाले. जाताना ते आप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नाव मातर बरुबर ठिवलंय. लई पाचट झालाय." मागे कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.

आप्पा सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. "भाभी, तुमच्या बिबट्यानं घात केला माजा."

मला फार लागलं ते. रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पण नखं माझ्याच हातची होती, त्यामुळे रागाला जायला जागा नव्हती. पोस्टर छापून झाली होती. जिल्हाभर माझं नाव त्या कुत्र्याच्या खाली लागणार होतं. मी ओंकारला बाजूला घेतलं.

"शेवट बदलता येईल?"

"म्हणजे?"

"आत्ता शेवटी तो मोठा बिबट्या मरतो आणि गाव नाचतं. तिथेच संपतं. त्याच्यापुढे एक शॉट वाढव. गाव नाचतंय आणि मागे उसातून पहिला बिबट्या बाहेर येतो. आपला जुना. बोलणं नाही, काही नाही. नुसता चालतो."

ओंकारने शेवटचा सीन मोबाईलवर पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाला, "किसनभाऊ येतील?"

ते मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जुनं कातडं पिशवीत घालून मी एसटीने आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले गावी आणि तिथून जीपने भंडारदऱ्याला गेले. टपरीवर पर्यटक होते. किसनभाऊंनी मला पाहिलं, चहा दिला आणि बाकीची गिऱ्हाइकं आधी वाटेला लावली.

"पोस्टर बघितलं मोबाईलवर," ते म्हणाले. "नखं लावलीत."

"लावली."

"मी सांगितलं हुतं."

"सांगितलं होतं. चुकले मी. आणि तुम्हाला काढलं तेव्हा गप्प बसले, ते त्याहून मोठं चुकलं."

त्यांनी पातेलं विसळलं, फडकं दोरीवर टाकलं. माणूस उठून आत गेला असता तर मी काहीच म्हणू शकले नसते.

"सोंग आनलंय का?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी कातड्याचा वास घेतला. "डांबरगोळ्या टाकल्यात. उन्हात घाला आदी. आन् माजा डावा गुडगा धरतोय सध्या. चालंल का?"

मी म्हटलं, पळेल.

शूटिंग तात्यांच्या वस्तीच्या वाटेला लागून असलेल्या आप्पांच्या फडात झालं. तात्या त्या दिवशी लेकीकडे दौंडला गेले होते, रात्री परतणार होते. उसाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं, वाट ओली. चार वाजता ओंकारने कॅमेरा सुरू केला आणि कोणी काही बोललं नाही. पाचट एकदाच वाजलं. मग उसाच्या दोन सऱ्यांमधून डोकं बाहेर आलं, खाली वाकलेलं, आणि तो बिबट्या वाट ओलांडून, वाटेच्या कडेकडेने, आम्हा सगळ्यांसमोरून चालत गेला. मीच शिवलेला. पाठीवरचं एकेक ठिपक्यांचं फूल मीच रंगवलेलं. तरी मी दोन पावलं मागे सरले. आप्पा ट्रॅक्टरवर चढून बसले होते, ते खाली उतरेनात.

मुक्काम आप्पांच्याच घरी होता. सकाळी सगळे चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला.

"शूटिंग बंद करा," पलीकडून तात्या ओरडत होते, ते आम्हालाही ऐकू येत होतं. "खरा वाघ आलाय! वाटंनं गेलाय माज्या!"

आप्पा, किसनभाऊ आणि मी, आम्ही तिघं गेलो; सोंगाची पिशवी माझ्या खांद्याला होती. तात्यांनी वासरं गोठ्यात कोंडली होती, कुत्रं घरात घेतलं होतं. वाटेवरच्या सगळ्यात स्पष्ट ठशावर त्यांनी घमेलं पालथं घातलं होतं, कोणी तुडवू नये म्हणून. जिल्ह्यात सगळे असंच करतात, वनखात्याचा माणूस येऊन बघेपर्यंत. तात्यांनी घमेलं उचललं.

"बघा. याला म्हंत्यात वाघ. न्हाईतर तुमचं ते कुत्रं! नख हाय का कुटं? न्हाई. मागला पाय पुढच्यावर बरुबर पडलाय. मादी हाय, मी सांगतो. मानसाला जमनार हाय का असं?"

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. मी पदर तोंडाला लावला. किसनभाऊ खाली बसले आणि ठसा नीट पाहिला.

"मागला डावा जरा वाकडा पडलाय," ते म्हणाले.

"तुला रं काय कळतंय?" तात्या खेकसले. मग त्यांनीही वाकून पाहिलं. "वाकडा हाय खरा. लंगडतीय म्हंजे. लंगडा वाघ लई वाईट."

वनखात्याला फोन करायला त्यांनी मोबाईल काढला, तेव्हा मात्र मला थांबवावं लागलं. मी पिशवीतून रबरी पंजा काढला आणि ठशाशेजारी दाबला. तात्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"आन् चाललं कोन?"

मी किसनभाऊंकडे बोट केलं. ते गुडघा चोळत होते.

तात्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग कुत्र्याला हाक मारली. कुत्रं दारापर्यंत आलं, किसनभाऊंच्या अंगाला लागलेला कातड्याचा वास घेतला आणि परत घरात गेलं. तात्यांनी घमेलं पुन्हा त्या ठशावर पालथं घातलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पावन्यांला दाखवाया व्हईल."

तीस वर्षांत मला शाली मिळाल्यात, नारळ मिळालेत, एका शाळेने ट्रॉफीही दिली आहे. त्या घमेल्याची सर कशालाच नाही.

'पाचट २' पडला. दुसऱ्या आठवड्याला एकाही थेटरात राहिला नाही, आणि पडायलाच हवा होता. नगरला पहिल्या शोला मी मागे उभी होते. लोक हसले, भुंकले, मोबाईल बघत बसले. शेवटी पाचट वाजलं. भुंकणारे गप्प झाले. किसनभाऊ चालत गेले आणि नावं यायला लागली तरी कोणी खुर्चीवरून उठेना. माझं नाव पहिल्यांदा पूर्ण वाचलं गेलं. त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, मी ओंकारला लिहायला लावलं होतं: 'बिबट्या – किसनभाऊ'.

आप्पा आता तिसऱ्या भागाचं बोलतात. बिबट्याला पंख लावायचं त्यांच्या डोक्यात आहे. मी त्यांना सांगितलं, किसनभाऊंना विचारा, ते म्हणतील तसं.

चमच्यांची ती नखं मी फेकली नाहीत, काम सुबक आहे. शाळांच्या गॅदरिंगला जातात, अस्वलाच्या पोशाखाबरोबर. अस्वलाची नखं उमटतात, मी विचारून घेतलंय.