न पेटलेला जिना

निफाडकडच्या त्या आगीचं प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. द्राक्षबागेत एका विधवा बाईने पर्यटकांसाठी दुमजली लाकडी घर बांधलं होतं. भर दुपारी त्याची मागची खोली पेटली. लगेच ठाण्यात निनावी फोन आला, "आचाऱ्याने गॅस चालू ठेवला." आचाऱ्याला आणून बसवलं. बिचारा हात जोडून सांगत होता, "साहेब, पोरांची आन, गॅस मी बंद केला व्हता."

पंचनाम्याला गेलो तेव्हा बाईंनी स्वतः घर दाखवलं. साऱ्या लाकडाला त्यांनी अग्निरोधक लेप दिलेला. "दीर लय हसायचे. म्हणायचे, वहिनी लाकडाला औषध पाजते." जिन्यापर्यंत आच पोचली होती, पण लेप भाकरीसारखा फुगला होता आणि आत लाकूड शाबूत. स्वयंपाकघराला झळसुद्धा नाही. मागच्या खोलीत मात्र फुगवटा कुठेच दिसेना. न जळलेल्या कोपऱ्यात पॉलिश पेपरचे ताजे ओरखडे होते. लेप कोणी घासून काढला, असं विचारलं.

"दिरांनी. नवं पॉलिश करतो म्हणाले," बाई हळूच बोलल्या.

फोनही दिराचाच निघाला. चोराच्या उलट्या बोंबा! मालेगावच्या वाटेवर असताना त्याला उचलून थेट ठाण्यात आणलं. गडी पक्का. चहा पीत बसला, कबूल काही करेना. मी आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं, "उकाडा म्हणून तुझी बायको आणि पोरगी त्या घराच्या माडीवर वाऱ्याला झोपल्या होत्या. वहिनीने दोघींना जिन्यावरून खाली आणलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "जिना पेटला नाय?"

"नाही."

मग तो ढसाढसा रडला. वहिनीचा जम बसलेला त्याला बघवत नव्हता. घर जळालं की ती माहेरी जाईल, असा हिशेब होता.

आचाऱ्याला न्यायला बाई स्वतः आल्या. फिर्यादीवर न कचरता सही केली. जाऊ बाहेर रडत होती, तिला म्हणाल्या, "चल गं, घरी चल. पोरगी भुकेली असंल." मग माझ्याकडे वळून, "साहेब, पंचनामा झाला ना? मागच्या खोलीला लेप द्यायचाय."

मी उठून सलाम ठोकला. हवालदार बघतच राहिले. जीव वाचवणारं काम कोणीतरी आधीच, लोकांचं हसणं सोसून करून ठेवलेलं असतं. आम्ही मागाहून जातो आणि पंचनामा करतो.