काचेच्या खोलीतलं बटण

माझा काका दुभाषा. लोकांसाठी दिवसभर घडाघडा बोलणारा हा माणूस. पण घरात त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे समोरच्याला घाम फुटतो.

विद्यापीठाच्या सभागृहात मागच्या भिंतीला एक काचेची खोली आहे, कपाटापेक्षा जरा मोठी इतकंच. दरवर्षी दूरच्या विद्यापीठातली प्राध्यापक मंडळी आमच्याकडे येतात आणि निरनिराळ्या भाषांची, चालीरीतींची माणसं एकमेकांशी बोलतात कशी, यावर आठवडाभर चर्चा झडते. ती चालते या काचेच्या खोलीच्या जिवावर. पाहुणे बोलले की काका ते आपल्या भाषेत सांगतो. आपले बोलले की शेजारच्या खुर्चीतल्या बाई ते पाहुण्यांच्या भाषेत सांगतात. ऐकणाऱ्यांच्या कानाला हेडफोन. ते दारात वाटायचं काम माझं, त्यामुळे पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या बाईंना काका 'शेजारीणबाई' म्हणतो, म्हणून सगळेच म्हणतात. काकाचा घसा बसला की त्या न बघताच पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवतात. दोघांचंही लग्नाचं राहूनच गेलेलं.

दुभाष्यांचा नियम कडक असतो. वक्ता रागावला तर 'ते रागावलेत' म्हणायचं नाही, 'मी रागावलोय' म्हणायचं. गाळायचं काही नाही, पदरचं घालायचं काही नाही. काकानं जन्मभर लोकांचे राग, आभार आणि माफ्या स्वतःच्या तोंडानं मांडल्या. स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की गाडी अडलीच.

यंदा शेजारीणबाई हे शेवटचं चर्चासत्र करून कायमच्या बहिणीकडे, लांबच्या शहरात निघाल्या होत्या. ते कळल्यापासून काकाची भूक मेली.

"अरे, मनात आहे ते बोलून टाक ना एकदाचं!" मी म्हटलं.

"बोलतो गं. जरा संधी तर मिळू दे."

संधी रोज खुर्चीला खुर्ची लावून बसत होती. मला इतका राग आला त्याचा!

शेवटच्या दिवशी मीही एक हेडफोन कानाला लावून दारात उभी होते. पाहुण्या प्राध्यापकांचं आभाराचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या. शेजारीणबाईंनी हेडफोन उतरवला. काकानं माइक बंद करायला बटण दाबलं, पण लक्ष सगळं शेजारच्या खुर्चीकडे होतं. दोनदा दाबलं गेलं, आणि बंद झालेला माइक पुन्हा चालू झाला. काकानं डोळे मिटले.

"शेजारीणबाई, जाऊ नका. तुम्ही पेला सरकवला की मगच माझा घसा सुटतो. आपण लग्न करू या. नाही म्हणालात तरी चालेल... छे, चालणार नाही."

आपल्या लोकांच्या माना गर्रकन मागे वळल्या. हशा पिकला. काकाला माइकवरचा लाल दिवा दिसला. त्यानं तो घाईनं बंद केला आणि टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. पाहुणे बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या प्राध्यापकांनी काहीतरी विचारलं. 'झालं काय?' असंच विचारलं असणार, ते मलाही कळलं.

विभागप्रमुख हसू आवरत म्हणाले, "शेजारीणबाई, पाहुण्यांवर अन्याय नको. त्यांनाही सांगा."

बाई ताठ बसल्या. काम म्हणजे काम. त्यांनी आपलं बटण दाबलं आणि काकाचं बोलणं नियमाप्रमाणे जसंच्या तसं सांगितलं. ती भाषा मला येत नाही, पण शेवटच्या वाक्याला पाहुणेही खळखळून हसले. मग बाईंनी बटण बंद केलंच नाही. काकाकडे बघत, त्याच भाषेत, त्या सावकाश आणखी काही बोलल्या. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आता कोरडे राहिले ते आपले लोक. सगळ्यांनी हेडफोन कानाशी घट्ट धरले. मीही माझा धरला. बाईंनी पाण्याचा पेला काकापुढे सरकवला आणि त्याच्या बटणाकडे बोट दाखवलं. काका घटाघटा पाणी प्यायला.

"मला मान्य आहे," तो बाईंच्या वतीनं म्हणाला. आवाज पार ओला झाला होता त्याचा. "बहिणीला मी कालच सांगून ठेवलंय, की इकडून कुणी तोंड उघडलं तर माझी वाट बघू नकोस. फक्त..."

काका अडखळला. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. गाळायचं काही नाही.

"फक्त घरातल्या माइकचं बटण माझ्या हातात राहील."