दीड सेकंदानं आलेली ओ

मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस... हेही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर हसलोच असतो.

माझं कॉलेज आदिलाबादला, घर शहरालगतच मावल्याला. मोठा भाऊ आणि वहिनी मात्र गावीच, तामसी मंडलात, म्हणजे तालुक्यात. कापूस आणि ज्वारी. त्यांची एकुलती एक पोरगी, पिंकी, सात वर्षांची, पावसाळ्यात तापानं गेली. तिचा एक खेळ होता. वहिनी कापूस वेचायला लागली की ही शेतातल्या विहिरीत वाकून ओरडायची आणि आवाज घुमला की खिदळायची.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. "तुह्यी वहिनी रोज हिरीवर जाऊन हाका मारून राह्यली. म्हनते, पोरगी ओ देते. लोक हासतात बे. तू मास्तर हायेस, समजावून सांग तिले."

गेलो. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन. दादा लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला. विहिरीपाशी मी आणि वहिनी.

"वहिनी, आवाज म्हणजे लाट. भिंतीवर आपटते, परत येते. तुमचाच आवाज तुम्हाला ऐकू येतो."

"मंग माहा आवाज मले 'माय' कसा म्हनंल, भाऊजी?"

मी हसलो. आवाजाचा आलेख काढणारं ॲप फोनवर सुरू केलं. पाणी जेमतेम वीस फुटांवर होतं. इतक्या जवळून लाट परतली तर वेगळा प्रतिध्वनी येतच नाही, नुसतं घुमतं. हेच तिला दाखवायचं होतं.

"मारा हाक."

"पिंकेऽऽ!"

आवाज घुमला, विरला. मग शांतता... आणि खालून, अगदी स्पष्ट —

"काय वं माय?"

मी चटकन स्क्रीनकडे बघितलं. वहिनीची हाक, मग दीड सेकंद सपाट रेघ, मग दुसरा उंचवटा. पहिल्याइतकाच उंच, पण लाटा दाट, म्हणजे आवाज बारीक. परतलेली लाट क्षीण होते, तिची वारंवारता बदलत नाही — हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि दीड सेकंद लागायला विहीर अडीचशे मीटर खोल हवी!

"आयकलं ना, भाऊजी?" वहिनीचा चेहरा उजळला होता. किती महिन्यांनी.

तेवढ्यात दादा आला. दोघंही माझ्याकडे बघत होते. कॉलेज, गाव, लोक काय म्हणतील... सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"नाही," मी म्हणालो. "तुमचाच आवाज होता. बाकी भास आहे." आणि तिच्यासमोरच रेकॉर्डिंग डिलीट केलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमी आयकलं," हळूच म्हणाली. "काऊन खोटं बोलून राह्यले?"

दादानं तिचा दंड धरला. "मास्तरनं सांगतलं ना? झालं आता!"

आठवड्याभरात दादानं विहीर बुजवायला काढली. मलाही बोलावलं. जेसीबीनं मातीचं पहिलं बकेट उचललं तेव्हा वहिनी पुढे आली. रडत नव्हती. हात जोडले.

"दोन मिनटं थांबा. एक डाव हाक मारू द्या. तिले सांगते, बाजूले हो, वरून माती येऊन राह्यली."

ड्रायव्हरनं दादाकडे बघितलं. दादानं माझ्याकडे.

"चालू द्या," मी म्हणालो.

माती पडली. मशीनच्या घरघरीत मला काहीच ऐकू आलं नाही. वहिनी मात्र दोन्ही कानांवर हात गच्च दाबून खाली बसली, आणि विहीर काठोकाठ भरेपर्यंत तिनं ते काढले नाहीत.

दोन वर्षं झाली. त्या दिवशीची ओ कुठून आली, मला सांगता येत नाही. पुस्तकं उलटून झाली, विचारता येईल त्याला विचारून झालं. माती पडताना काय ऐकू येत होतं, ते फक्त वहिनीला माहीत. ती माझ्याशी बोलत नाही.